कुलसुमला दिलेलं उत्तर

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं अंबागेटाबाहेरच्या आमच्या माळीपुऱ्यात सगळेच म्हणायचे, आणि मलाही त्याचा अभिमान होता. निंदणाला बायकांची ओळ बसली की मधली जागा माझी. नव्या सुनेला चिडवायचं, कोणाचा नवरा कसा ते रंगवून सांगायचं, हळदीच्या दिवशी विहिणीला पदरात तोंड लपवायला लावायचं, ही सगळी कामं शकुनची. बायका हसता हसता खुरपी खाली टाकत. अशा तोंडाळ बाईला आयुष्यात एकदाच कोणी तरी त्याच गोष्टीबद्दल सरळ, न हसता विचारलं, आणि मी खोटं बोलले. सांगताना मान वर होणार नाही माझी, पण सांगते.

ती कापसाच्या तेजीची वर्षं. साता समुद्रांपलीकडे गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस अडला आहे, म्हणून विलायतेला आपला हवा, असं आमचे हे बाजारातून ऐकून येत. आमचे हे म्हणजे नत्थुजी. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण ते जाऊन आता बारा वर्षं झाली, आणि त्यांच्या नावावाचून ही गोष्ट पुढे सरकत नाही. ज्याच्याकडे ओंजळभर काळी माती होती, त्यानं कापूस लावला. ज्वारीत कापूस, तुरीत कापूस, कोणी कोणी तर परसातला दोडका उपटून तिथंही कापूस. भाजी करणारे आम्ही मूठभर उरलो. त्यामुळे वांगी-मेथीची टोपली घेऊन गेलं की मोठ्या मोठ्या घरांत एकदम आतल्या चौकापर्यंत बोलावणं यायचं. माझा भाव भाजीसारखाच वधारला होता.

कापसासाठी सुरतेकडचे, बऱ्हाणपूरकडचे बोहरी व्यापारी तेव्हा अमरावतीत येऊन राहिले होते. त्यांतल्या अब्देअली शेठच्या घरी माझी दर मंगळवार-शनिवारची भाजी. शेठची बायको कुलसुम पंचविशीची, गोरी, बारीक अंगाची. तिचं माहेर अकोल्याचं, जन्मही तिथलाच, म्हणून माझ्याशी आमच्यासारखीच वऱ्हाडी बोलायची. सासू सुगराबाई गुजराती बोलायची, पण मनानं चांगली. टोपली उतरायच्या आत मला पाणी द्यायची. आणि सात वर्षांची नात, बतूल. ती पोरगी जिना कधी चालत उतरली नाही. दोन दोन पायऱ्या सोडून उडी मारायची आणि माझ्या टोपलीतली कोवळी भेंडी पळवून कचाकचा खायची.

कुलसुमची आणि माझी जवळीक जमली ती सराट्यांवरून. एकदा तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, लघवीला जळजळ होते त्याला तुमच्याकडे काय घेतात. मी दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावरचे सराटे, म्हणजे गोखरूचे काटे, वेचून नेले, उकळून पाणी प्यायला सांगितलं. वर सवयीनं थट्टाही केली.

"शेठ लई लाड करून राहिले वाट्टे!"

माळीपुऱ्यातली कोणतीही बाई यावर मला चापट मारून हसली असती. कुलसुम हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती भाजी निवडायला लागली, निवडलेलीच पुन्हा. मला आपलं वाटलं, मोठ्या घरची, थट्टा समजत नाही. समजलं मला नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी सुगराबाई शेजारी गेली होती. बतूल तिच्याबरोबर. कुलसुमनं मला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं. मग ती जमिनीकडे बघत बोलायला लागली, आणि थांबलीच नाही.

"मी सात वर्साची होती, शकुनमावशी. माह्या आत्यानं मले नेलं. म्हणे, चाल, मिठाई घेऊ. एका बाईच्या घरी नेलं. दोघीजणींनी धरून ठेवलं. आमच्यात पोरीची खतना करतात. तिथचं थोडंसं कापतात." तिनं करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं. "एवढुसं. मिठाई भेटली नंतर. मी अजून पेढा खाऊ शकत नाई."

मुलांची करतात हे मला माहीत होतं. मुलींचीही करतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"तवापासून हे जळजळ," ती म्हणाली. "दोन महिने बरं, मंग पुन्हा. बतूल झाली तवा तिथंच फाटलं. दाई म्हणे, जुना वण कडक झाला होता. चाळीस दिवस मी बसू शकली नाई. आन् बतूलचे बावा जवळ आले का माहं आंग लाकूड होते. दुखते. आन् दुखत नाई तवा काईच वाटत नाई. तसे ते वाईट नाईत हो. एका शब्दानं कधी बोलले नाईत. म्हणून तं मले जास्त लाज वाटते. त्यायले वाटते, मले ते आवडत नाईत."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता मी एक इचारते. हासू नका."

"नाई हासत, बाई."

"तुमच्यात तं हे करत नाईत. मंग तुमाले बरं वाटते का, नवऱ्यासंगं? का तुमाले बी असंच?"

मी टोपलीतली मेथी सारखी करायला लागले. तेव्हा तिनं मला विचारण्याचं कारणही सांगून टाकलं. बऱ्हाणपूरहून ती बाई शुक्रवारी येणार होती, सासूनं बोलावलेली, बतूलसाठी. कुलसुमचा भाऊ अकोल्याहून कापसाच्या कामाला आला होता. त्याची बैलांची दमणी गुरुवारी सकाळी परत जायची होती.

"मी बतूलले त्याच्यासंगं बसवून देते म्हणते. भाऊ माहं आयकते. सासूबाई बोलतील, महिनाभर बोलतील, बोलू द्या. पण आदी मले समजलं पायजे ना. समद्याच बायकायचं असंच असते, तं मंग त्या कापण्यानं माहं काई गेलंच नाई. मंग मीच येडी, कायले घरात भांडण लावायचं? आन् तुमचं येगळं असलं, तं मंग मी पोरीले हात लावू देणार नाई. तुमी नेहमी हासून बोलता ना असल्या गोष्टी, म्हणून तुमालेच इचारते."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. खरं उत्तर.

नत्थुजी अबोल माणूस. चार शब्द बोलायला त्यांना अर्धा दिवस लागे. पण मळ्यात आमची एक खोपडी होती, राखणीची. तिसरं मूल झाल्यावर, मी चांगली बाईमाणूस झाल्यावर, कधी दुपारी कामाला सुट्टी असली की आम्ही दोघं तिथं जायचो. तिथं मला जे सुख मिळालं ते मी कोणाला सांगितलं नाही, पण ते मिळालं हे खरं आहे. एकदा मी तिथं मोठ्यानं हसले. सुखानं हसले. आणि सासूबाई, पार्बताबाई, नेमक्या भाकरी घेऊन बाहेर उभ्या होत्या. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी चुलीपाशी म्हणाल्या, "घरंदाज बाईले असं काई होत नसते, शकुन. ते कसबिणीचं काम." तेव्हापासून माझ्याच अंगात काही खोट आहे असं मी धरून चालले. जगभरच्या नवरा-बायकोंची थट्टा केली, आपलं कधी काढलं नाही. थट्टेतलं कोणी खरं धरत नाही, म्हणून तर थट्टा करता येते.

आणि आता ही समोर बसली होती. धुतलेले कपडे, अत्तराचा वास, खाली घातलेली नजर. माझे पाय चिखलाचे. एवढ्या मोठ्या घरची बाई मला विश्वासानं विचारत होती, आणि मला काय सुचावं? मला तिच्यासमोर घरंदाज दिसायचं होतं. बस, एवढंच. एका पोरीचं अंग पणाला लागलं होतं आणि मी माझी अब्रू सांभाळत होते.

"समद्यायचं सारखंच असते, बाई," मी म्हटलं. "आमच्यात कापत नाईत, पण भेटत कोणालेच काई नाई. सोसायचं अन् उगी राहायचं. बाईच्या जातीले काय त्याचं?"

तिनं वर पाहिलं. आणि ती हसली. त्या घरात इतके दिवस जात होते, तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"खरंच?"

"खरंच."

"मंग मी एकटी नाई." तिचे डोळे भरून आले. "किती वर्सं मले वाटे, मीच खराब हाय." तिनं माझे दोन्ही हात धरले, मग उठून अत्तराची कुपी आणली आणि माझ्या मनगटाला लावलं. मी घरी जाईपर्यंत ते मनगट हुंगत गेले. तिचं दुःख हलकं केलं म्हणून स्वतःवर खूश होऊन. हे सांगताना आज अंगाला काटा येतो, पण खरं आहे, मी खूश होते.

गुरुवारी सकाळी मी मळ्यात पाणी देत होते. मळा अकोल्याच्या सडकेला लागून. कुलसुमच्या भावाची दमणी मी ओळखली. ती जवळून गेली. तो एकटाच होता. बतूल नव्हती.

माझा हात थांबला. अजून एक दिवस हाती होता. टोपली उचलून गेले असते, दार वाजवलं असतं, म्हटलं असतं की बाई, मी खोटं बोलले. पण मनात लगेच दुसरं आलं. दुसऱ्याच्या घरातली रीत ती, आपण कोण मध्ये पडणारे? आपण सांगायचं आणि त्यांच्या घरात सासू-सुनेत वितुष्ट यायचं. आणि वर काय सांगणार, मला बरं वाटतं म्हणून? दिवसाढवळ्या, शेठाणीला? मी पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. त्या दिवशी सगळ्या वांग्यांना पाणी मिळालं.

शनिवारी गेले तेव्हा जिन्यावर कोणी नव्हतं. बतूल आत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन्ही गुडघे ओढणीनं एकत्र बांधलेले. मी नाव घेतलं तर तिनं वळून पाहिलं नाही. सुगराबाईनं माझ्या हातावर मिठाई ठेवली. तिचे डोळे ओले होते; नातीच्या उशाशी ती रात्रभर बसली असावी. "छोकरी पाक थई गई," पोरगी शुद्ध झाली, असं ती म्हणाली, आणि तिनं बतूलच्या केसांवरून इतक्या मायेनं हात फिरवला की तिच्यावर रागावणंही मला जमेना. तिच्यावर कोणी तरी असाच मायेनं हात फिरवला असेल, साठ वर्षांपूर्वी.

कुलसुम मला दारापर्यंत सोडायला आली. "तुमी सांगतलं म्हणून मन घट झालं, मावशी," ती हळूच म्हणाली. "नाई तं मी येडेपणा करून बसली असती. उगाच."

तिनं माझे उपकार मानले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती मिठाई मी वाटेत गाईपुढे टाकली.

त्या दिवसापासून नत्थुजी जवळ आले की मी पाठ फिरवायला लागले. आठ दिवसांनी त्या अबोल माणसानं मळ्यातच विचारलं, "काय झालं तुले?" मी सगळं सांगितलं. लाज सोडून, रडत रडत. ते ऐकत राहिले. मग बराच वेळ हातातली दोरी गुंडाळत बसले. मला वाटलं, रागावले. पण त्यांनी जे विचारलं ते मला अजून आठवतं.

"मंग तुले बी दुखत होतं का? इतके वर्सं? मले सांगतलं कावून नाई?"

त्यांना वाटलं, मी कुलसुमला सांगितलं तेच खरं. माणसाचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी त्यांचा हात धरून ओरडलेच, "नाई हो, नाई! मी तिच्याशी खोटं बोलली!" नवऱ्याला खरं सांगायला मला एक क्षण लागला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. सुगराबाई स्वयंपाकात होती. कुलसुमला मी त्याच खोलीत नेलं आणि दार लोटून तिच्या पायाशी बसले.

"मी त्या दिवशी खोटं बोलली, बाई. आमचं तुमच्यासारखं नसते. मले सुख होते. माह्या नवऱ्यासंगं मले सुख होते. लाज वाटली सांगायची, म्हणून खोटं सांगतलं."

ती हललीसुद्धा नाही. मी माफी मागत राहिले, डोकं तिच्या गुडघ्याला टेकवलं. तिनं माझं डोकं अलगद बाजूला केलं.

"त्या दिवशी लाज वाटली," ती म्हणाली. "मंग आज कावून नाई वाटली?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"दमणी उभी होती, मावशी. पोरीचे कपडे बांधून ठेवले होते मी. तुमच्या एका शब्दावर सोडले." तिचा आवाज चढला नाही. "आदी मी एकटी होती. मंग तुमी म्हणल्या, समद्या आहेत, तं बरं वाटलं होतं. आता ते बी नेलं तुमी. आन् पोरीचं काय गेलं, ते बी आता मले समजलं. तुमाले हलकं वाटलं असन."

वाटलं होतं. हीच तर माझी शरम. बोलून टाकल्याबरोबर माझी छाती हलकी झाली होती, आणि ते ओझं तिच्या अंगावर पडताना मी पाहत होते.

मी उठायला लागले. तिनं माझा पदर धरला.

"जाऊ नका. आता सांगा, कसं असते ते."

"बाई..."

"खरं सांगा. थट्टा करू नका. मले तं ते भेटायचं नाई, पण समजू द्या."

आयुष्यभर शेकडो बायकांना हसवलं मी याच गोष्टीवर. पण त्या घडीला माझ्याकडे एक शब्द नव्हता जो थट्टेचा नव्हता. चाचपडत चार-पाच वाक्यं बोलले. अंग कसं सैल होतं, मग गरम होतं, मग आपण कुठे आहोत ते विसरायला होतं. भीती वाटत नाही. नंतर झोप चांगली लागते. आणि कधी कधी हसू येतं, कारण नसताना. मी मान खाली घालून बोलत होते, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

ऐकून झाल्यावर ती दाराकडे बघायला लागली. बाहेर बतूल भिंतीला धरून एक एक पाऊल टाकत होती. दाराच्या फटीतून दिसत होतं.

"हे बतूलले कधी सांगू नका," कुलसुम म्हणाली. "मोठी होईन, लगीन होईन, तुमाले इचारायले येईन, तरी नाई सांगायचं. तिले म्हणा, समद्यायचं सारखंच असते. माह्या गळ्याची आन हाय तुमाले."

मी आण घेतली.

कुलसुम त्यानंतर सात-आठ वर्षांनी तापानं गेली. बतूल लग्न होऊन अकोल्याला गेली, आता आगगाडीनं येते. माहेरी आली की मळ्यात येऊन माझ्याजवळ बसते. आजवर दोनदा असं झालं की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती मध्येच थांबली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि म्हणाली, "शकुनआजी, एक इचारू?" दोन्ही वेळा मी तिला पुढे बोलू दिलं नाही. यंदा मेथी कशी आली आहे, ते सांगत बसले.